चालत्या डोळ्याचं भिंग

६ जानेवारी

टीचर,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला राग येईल म्हणून नव्हे. त्या शब्दावर माझा काही हक्क उरलाय का, तेच कळेना. संडेस्कूलची पोरं तुला टीचर म्हणतात, तेवढं म्हणायला तरी मला मनाई नसावी.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस. पण पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही. नर्सिंगच्या हॉस्टेलचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. सांगणाऱ्याला मी तोंड उघडणार नाही असा शब्द दिलाय, आणि तोंड न उघडण्याचे शब्द मी फार छान पाळतो, हे तुला माहीतच आहे.

कॉलेज सोडून आठ महिने झाले. मी आता चष्म्याची भिंगं घासतो. दोन खोल्या, तीन यंत्रं, आणि एक मास्तर. आजूबाजूच्या सगळ्या गावांतले डोळ्यांचे दवाखाने इथं नंबरांच्या चिठ्ठ्या पाठवतात. दिवसभर भिंगावर पाणी आणि भुकटी पडत असते, त्याचा पांढरा चिखल होतो, तो नखांत बसतो आणि रविवारी प्रार्थनेला हात जोडले की तोच आधी दिसतो. मास्तर मला 'अर्धा इंजिनिअर' म्हणतात. "ए अर्ध्या, इकडं ये. उरलेला अर्धा कुठं ठेवून आलास?" रोज तोच विनोद, आणि रोज स्वतःच हसतात.

हेच काम का धरलं ते तुला सांगायला नको. ज्याचा डोळा माझ्यापायी गेला त्याला तो परत देता येत नाही. म्हणून गुडघे टेकून प्रभूला म्हटलं, जन्मभर लोकांना दिसावं म्हणून राबेन. सिगारेट सोडली. शिव्या सोडल्या, जवळजवळ. शुक्रवारी उपास करतो. चर्चचा हॉल मी झाडतो, गाण्याची पुस्तकं मी लावतो. याला आज्ञापालन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तू मात्र एकच वाक्य धरून बसलीस. स्टँडवर बॅग हातात घेऊन म्हणालीस, "जा आणि सांग, ग्लास मी मारला. त्याआधी माझ्याशी बोलू नकोस." मारला नव्हता गं. हातातून सुटला. तू तिथं नव्हतीस.

तुझा दादा कसा आहे? माझं नाव काढतो का?

उत्तर पाठव. पत्ता खाली मोठ्या अक्षरात लिहिलाय, म्हणजे सापडला नाही असं म्हणायला नको.


२१ जानेवारी

टीचर,

तुझं कार्ड आलं. पाकीट नव्हे, कार्ड. म्हणजे ते पोस्टमननं वाचलं, मास्तरांनी वाचलं आणि शेवटी मी वाचलं. तीन शब्द. "अजून गेला नाहीस." पुढं प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, "कुठं जायचंय रे तुला? सुट्टी नाही मिळायची." मी कार्ड खिशात कोंबलं आणि त्या दिवशी दोन भिंगं फोडली.

तुला वाटतं जाणं म्हणजे बस पकडण्याएवढं सोपं आहे. ऐक मग, तिथं काय झालं ते एकदा माझ्याकडूनही ऐक.

कॅन्टीनमध्ये आम्ही पंधरावीस जण होतो. त्याला आम्ही 'घुबड' म्हणायचो, जाड चष्म्यामुळं. तू मला लिहिलेली चिठ्ठी त्याला वहीत सापडली. तो बाकावर चढला आणि तुझ्या आवाजाची नक्कल करत ती वाचायला लागला. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, चांगली नक्कल करत होता. तुझा दादा उठून त्याला म्हणाला, "बस झालं, खाली उतर." तेवढ्यात माझ्या हातातला चहाचा ग्लास गेला. चष्मा फुटला. तो डोळ्यावर हात धरून खाली बसला आणि बोटांमधून रक्त यायला लागलं.

दादानं त्याला मिठीत उचललं. मी मागच्या दारानं पळालो.

प्रिन्सिपॉल आले तेव्हा रक्तानं भरलेले हात एकट्या दादाचे होते. सगळ्यांची नजर बाकावर होती, कोण कुणाच्या मागून काय फेकतंय ते कुणी पाहिलं नाही, की पाहूनही गप्प बसले, देव जाणे. सरांनी दादाला तीनदा विचारलं. तो तिन्ही वेळा एकच बोलला, "ज्यानं केलं तो स्वतः येईल, सर." मग चार दिवस तो त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझी वाट बघत बसून होता. पाचव्या दिवशी त्याचं नाव कमी केलं.

मी तेव्हा मावशीकडं पांघरूण घेऊन पडलो होतो. ताप होता. खरंच होता.

काल पाळकसाहेबांकडं गेलो. ते हॉलमधला एक डुगडुगणारा बाक उलटा घालून खिळे मारत होते. तोंडात तीन खिळे.

"साहेब, प्रभूसाठी इतकं करतो तरी मनाला शांती नाही."

"काय काय करतोस?" खिळ्यांमधूनच विचारलं.

सगळं सांगितलं. उपास, झाडू, पुस्तकं, भिंगं.

"आणि त्यानं काय करायला सांगितलंय?"

"एकच. जाऊन खरं सांगायचं."

"केलंस?"

"ते सोडून सगळं केलं."

त्यांनी खिळे तळहातावर काढले. "बाळा, देवाला दशांश, दहावा हिस्सा, द्यायचा तो मिळकतीचा असतो. आज्ञा पाळण्याचा नसतो. तू त्याला नको असलेलं सगळं आणून देतोस आणि हवं असलेलं खिशात ठेवतोस. वर म्हणतोस, शांती का नाही?" मग बाक सरळ करत म्हणाले, "केव्हा जातोस? मी येऊ बरोबर?"

मी म्हणालो, बघतो. दारातून बाहेर पडेपर्यंत पाय नीट चालत होते. स्टँडवर बस उभी दिसली आणि मी तिच्या दाराचा दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "चढायचंय की नुसतं बघायचंय?" बस गेली.

मला भ्याड म्हण. पण कार्डावर म्हणू नकोस, पाकिटात म्हण.

पत्ता तोच, खाली आहे.


४ फेब्रुवारी

टीचर,

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली.

गेल्या महिन्याच्या १५ तारखेला आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये त्याची चिठ्ठी होती. नाव, वय, गाव सगळं त्याचंच. डावा डोळा, लांबलचक नंबर. उजव्या डोळ्यासमोर एकच शब्द: बॅलन्स.

तू नर्स होणार आहेस, पण हे तुम्हाला शिकवत नसतील. ज्या डोळ्याला काहीच दिसत नाही त्याच्यासाठीही आम्ही भिंग घासतो. दुसऱ्याएवढंच जाड, दुसऱ्याएवढंच जड, म्हणजे चष्मा एका बाजूला कलत नाही आणि समोरच्याला काही कळत नाही. त्यातून कुणी काही बघणार नसतं. त्याला बॅलन्स म्हणतात.

मास्तरांचा नियम आहे, आधी चालत्या डोळ्याचं भिंग. सकाळी हात ताजा असतो, उजेड चांगला असतो, तेव्हा ते करायचं. बॅलन्स उरल्या वेळात. "त्याला कोण तपासतंय," म्हणतात.

मी तो नियम मोडला. ती चिठ्ठी घेऊन मी कोपऱ्यातल्या यंत्रावर गेलो आणि उजव्या डोळ्याचं भिंग आधी घेतलं. तीनदा पॉलिश केलं. टीचर, तसं भिंग मी आजवर केलेलं नाही. उजेडासमोर धरलं तर हातात काही आहे असं वाटत नव्हतं. घासताना रडत होतो आणि प्रार्थना करत होतो. प्रभू, हे घे, एवढं घे, आणि मला तिथं पाठवू नकोस. मला वाटलं त्यानं घेतलं. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी मी पोटभर जेवलो.

डावं भिंग जेवणानंतर केलं. चष्मा गेला.

तुला सांगायचं नव्हतं, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. म्हणशील, चिठ्ठी तुझ्यापर्यंत चालत आली, आणखी कसं बोलवायचं तुला?

मीही तेच म्हणतो. आणि तरीही बसलोय. हे तुला समजत नसेल. तुझं बरं आहे, तुला प्रभूची हाक आली आणि तू बॅग भरलीस. माझं काही ऐकून न घेता निघालीस. मला हाक ऐकू येत नाही असं नाही गं. शब्द न् शब्द ऐकू येतो. फक्त अंग हलत नाही.

एक ओळ तरी लिही. कार्ड चालेल.


१७ फेब्रुवारी

चष्मा परत आला.

दवाखान्याचा माणूस सकाळी डबी घेऊन आला आणि मास्तरांच्या टेबलावर आपटून गेला. आत चष्मा आणि चिठ्ठी. पेशंटला जमीन तिरपी दिसत होती. दोन आठवडे त्यानं सवय होईल म्हणून काढले, कारण डॉक्टर तसंच सांगतात. मग जिन्यावर पायरी जिथं दिसली तिथं ती नव्हती. डावं मनगट मोडलंय. हनुवटीला टाके.

मास्तरांनी डावं भिंग यंत्राखाली धरलं. काही डोळ्यांना भिंगाचा जोर एका ठरावीक दिशेनं लागतो, ती दिशा अंशांत लिहिलेली असते. चिठ्ठीवर वीस होते. भिंगात एकशे साठ निघाले.

"उलटं धरून खूण केलीस," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही, त्याचीच भीती वाटली. "पहिल्या आठवड्यातली पोरं करतात ही चूक. तू कशी केलीस?" मग त्यांनी उजवं भिंग धरलं. बराच वेळ बघत राहिले. "आणि हे? हे तूच केलंस?"

"हो."

"असलं भिंग माझ्या हातूनही वर्षात एखादंच होतं." चष्मा टेबलावर ठेवला. "आंधळ्या डोळ्यासाठी जीव ओतलास, आणि दिसणाऱ्या डोळ्याला तोंडपुसणी केलीस? कुणाला खूश करत होतास रे?"

मास्तर देवळात जात नाहीत, चर्चमध्ये येत नाहीत, रविवारी झोपतात. पण पाळकसाहेबांना एवढे खिळे तोंडात धरून जे सांगता आलं नव्हतं ते त्यांनी चष्म्यावर बोट ठेवून दाखवलं. गेले नऊ महिने मी प्रभूसाठी बॅलन्स घासतोय. तीन तीनदा पॉलिश करून. जिथून त्याला काही बघायचंच नाही तिथलं भिंग.

आता हेही वाच. ग्लास सुटला नव्हता. मारला होता. नेम धरला होता, तोंडावर. डोळा जावा असं मनात नव्हतं, पण लागावं असं होतं.

नवं डावं भिंग मी केलं, मास्तर मागं उभे होते. चारदा तपासलं. म्हणाले, "पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः नेऊन दे. नाकावर बसवून बघ, चालायला लाव, मगच परत ये."

त्यांना यातलं काहीच माहीत नाही, टीचर. त्यांनी फक्त कामाची पद्धत सांगितली. उद्या जातोय.

पत्ता खाली.


२० फेब्रुवारी

गेलो. सांगितलं नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण लिहितो.

त्याच्या आईनं दार उघडलं. "चष्म्याच्या दुकानातून आलात? या, बसा ना. उन्हातून आलात." अहो-जाहो! मला! स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. फडताळाकडं नजर गेली. सगळी भांडी स्टीलची. काचेचा ग्लास त्या घरात एकही नव्हता.

तो बाहेर आला. डावा हात गळ्यात. बारीक झालाय. मी चष्मा त्याच्या कानांवर बसवला, माझी बोटं त्याच्या कानशिलाला लागली. त्यानं मला बघितलं, हातभर अंतरावरून. मी दाढी वाढवलीय. शिवाय त्यानं मला कधी नीट बघितलेलं नसावं, आम्हीच त्याला बघायचो. तो जिना उतरला, चढला. "जमीन सरळ झाली," म्हणाला आणि हसला. "आधीच्या कारागिराला सांगा, मी मरता मरता वाचलो."

आई म्हणाली, "चांगलं काम करता हो तुम्ही. देव तुमचं भलं करो."

टीचर, 'मी' एवढा एकच शब्द काढायचा होता. पुढचे शब्द आपोआप आले असते. मी म्हणालो, "नाकावर टोचत नाही ना?"

नाही म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी देवाशी भांडलो. मोठ्यानं. शेजारचा माणूस उठून पुढं जाऊन बसला. म्हटलं, एवढं घरापर्यंत नेतोस आणि जीभ नाही हलवत? तुझ्या हातात काय अवघड आहे? उत्तर आलं नाही. उत्तर नऊ महिन्यांपूर्वीच दिलेलं आहे, तो पुन्हा पुन्हा कशाला देईल?

आता मला तुझ्याकडं काही मागायचं धाडस होत नाही. नुसती प्रार्थना कर. माझ्याच्यानं होत नाही.


९ मार्च

टीचर,

झालं.

पाळकसाहेबांना म्हटलं, "मला एकट्याला जमत नाही." त्यांनी चप्पल घातली. एवढंच. उपदेश नाही, काही नाही. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः झोपले, घोरले. त्याच्या दारापाशी म्हणाले, "आत तू जा. मी इथं पायरीवर आहे. पळालास तर माझ्या अंगावरून पळावं लागेल."

तो दारातच होता. आईनं पुन्हा पाणी दिलं. मी ग्लास हातात धरला आणि म्हणालो, "तो ग्लास मी मारला होता. तिच्या भावानं नाही. आणि जिन्यावरून पडलास तेही माझ्याच भिंगामुळं."

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, आणि मला बघितलं. त्या चष्म्यातून त्याला मी अगदी स्पष्ट दिसत असणार. ते भिंग मीच केलंय, मला माहीत आहे.

आई पुढं आली आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. अर्धं पाणी तसंच होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तो म्हणाला, "त्यानं मला उचललं होतं. मी पोलिसांना त्याचंच नाव सांगणार होतो, आईनं नको म्हटलं." एवढं बोलून आत गेला.

तिथून कॉलेज. प्रिन्सिपॉलांनी सगळं ऐकलं, लेखी घेतलं, सही घेतली. "त्याची जागा भरली. वर्ष गेलं. आता सांगून काय उपयोग?" मी म्हणालो, उपयोगासाठी आलो नाही सर. त्यांनी दादाच्या नावावरचा ठपका काढायचं पत्र लिहितो म्हटलं. पुढं पोलीस येतील, हेही सांगितलं. येऊ देत. वह्या कुठं आणि कपडे कुठं ते मास्तरांना सांगून ठेवलंय. मास्तर म्हणाले, "आता अर्धा म्हणणार नाही." मग म्हणाले, "पाऊण."

दादा गोदामात पोती उतरवतो, हे मला तू कधी कळवलं नाहीस. त्याच्या खांद्याला घट्टे पडलेत. मी सांगितलं तेव्हा पोतं पाठीवरच होतं. ते थप्पीला लावून आला.

"चार दिवस बसलो होतो बाकावर," म्हणाला. "रोज वाटायचं, आज येशील."

"मला ताप होता," मी म्हणालो. सवयीनं. मग म्हणालो, "नव्हता. मावशीला खोटं सांगितलं." तुलाही तेच लिहिलं होतं. ते दुरुस्त करायचं म्हणून हे पत्र.

त्यानं घाम पुसला. "एक विचारू? हे देवासाठी केलंस की तिच्यासाठी?"

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, पुढचं पोतं घ्यायला गेला.

मी परत येईपर्यंत त्याचंच उत्तर शोधत होतो. खरं सांगतो. प्रत्येक प्रार्थनेच्या तळाशी मी एक अट ठेवत आलो: मी जातो, पण ती परत दे. उपास केला तो त्या अटीवर. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हाही मनात तुझं कार्ड होतं, त्यावर आता तू काय लिहिशील ते. सगळं दिलं असं म्हणताना मूठ अजून मिटलेलीच होती, आणि मुठीत तू होतीस. आता ती उघडतो. त्याचीही मला खात्री नाही. माझं मन मला नीट दिसत नाही. कोणत्या अंशात धरायचं तेही कळत नाही.

दर वेळी खाली मोठ्या अक्षरांत पत्ता लिहायचो, तू उत्तर द्यावंस म्हणून. आताही पेन तिथं टेकलं होतं. एक ठिपका पडलाय बघ. तेवढाच.